इशारा पातळी

पहाटे ५.४५

जुलै महिन्यात कोल्हापूरकराच्या दिवसाचा पहिला आकडा पंचगंगेचा असतो. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे, हे चहाच्या आधी मोबाइलवर येऊन पडतं. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. आज पाणी ३५ फुटांवर आहे आणि नदीच्या वरच्या अंगाला, राधानगरी भागात, रात्रभर पाऊस पडलाय.

माझी फौंड्री शिरोली एमआयडीसीत, म्हणजे नदीच्या पलीकडे. माणसं शंभराच्या वर. पंपाची आणि ट्रॅक्टरची कास्टिंग आम्ही ओततो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं, रस्ता बंद झाला. तेव्हापासून ३९ आणि ४३ मधल्या चार फुटांचं मोल इथल्या प्रत्येक कारखानदाराला कळलंय. जनावरं हलवणं, सामान माळ्यावर चढवणं, म्हाताऱ्या माणसांना पाहुण्यांकडे पोचवणं, जे काही शहाणपणाचं असतं ते या चार फुटांत उरकायचं. ४३ नंतर हातात उरते फक्त धावपळ.

उद्योग चालवणाऱ्याने नदीकडून एवढी एक गोष्ट जरूर घ्यावी. धंद्यातल्या प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीला धोक्याच्या अलीकडे एक इशारा पातळी ठरवावी. ती लिहून ठेवावी. आणि ती गाठली की जवळ जो उभा असेल त्याने कुणाची वाट न बघता हालचाल करावी, एवढा अधिकार त्याला द्यावा. मालकाचा दिवस चांगला गेला की वाईट, हे मी यावरून मोजते: आज वाईट बातमी किती लवकर कळली, आणि माझ्यापर्यंत येण्याआधीच तिच्यावर किती काम झालं होतं.

सकाळी ७.००

सोमवारी आमची साप्ताहिक सुट्टी, त्यामुळे मंगळवारची सकाळ नेहमीच नाजूक. हॉपरमध्ये पडून राहिलेली वाळू, पावसाळी हवा, गार पडलेले लॅडल, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायची भांडी. मी फेरी शेवटाकडून सुरू करते. आधी रिजेक्शनचा ढीग, मग फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई), नॉकआउट (साचा फोडणं), मोल्डिंग आणि सगळ्यांत शेवटी सँड प्लँट. माल ज्या दिशेने जातो त्याच्या उलट चालत गेलं की आधी दोष दिसतो, मग त्याचं कारण भेटतं. टोयोटाचे ताइची ओनो कारखान्याच्या जमिनीवर खडूने वर्तुळ काढून इंजिनिअरला त्यात उभं करायचे आणि काय दिसतं ते बघ म्हणायचे. तासन्तास उभं राहणं रोज जमत नाही. पण रोज एका जागी दहा मिनिटं, हातात मोबाइल न घेता, कुणालाही जमतं.

आज ती जागा सँड प्लँट. मिक्सरच्या दाराशी मामा उभे होते. हा विभाग सांभाळणाऱ्या या माणसाला सगळा कारखाना मामाच म्हणतो. त्यांनी मूठभर वाळू उचलली, घट्ट आवळली आणि मूठ उघडली. तळहातावर बोटांचे ठसे उमटलेला गोळा. दोन्ही हातांत धरून त्यांनी तो मधोमध मोडला. कड स्वच्छ तुटायला हवी. आज ती जराशी दबली, आणि वाळूचे कण तळहाताला चिकटून राहिले.

"वली झाल्या, वहिनी. पुढच्या दोन बॅचला पाणी कमी केलंय."

तेवढ्यात लॅबमधला मुलगा चाचणी करून आला. ओलावा ३.९ टक्के. मिक्सरशेजारी पाटी लावलेली आहे. ३.२ ते ३.७ ठीक. ३.८ च्या वर गेलं की पाणी कमी करायचं, परतीची कोरडी वाळू वाढवायची, प्रत्येक बॅच तपासायची आणि मोल्डिंगला कळवायचं. ४.२ झालं की मोल्डिंग बंद. खाली मोठ्या अक्षरांत: विचारायला थांबायचं नाही. साच्याच्या वाळूत पाणी जास्त झालं की लोखंड ओतताना वाफ होते आणि ती धातूत अडकून ब्लोहोल, म्हणजे पोकळ्या, पडतात. कित्येकदा ते बाहेरून दिसत नाहीत. ग्राहकाच्या मशिनवर पहिला कट घेतला की उघडे पडतात.

मी मामांना एवढंच विचारलं, "किती वाजता लक्षात आलं?"

"सात पाचला. मोल्डिंगला सांगून आलोय."

मी पाण्याच्या कॉकला हात लावला नाही, सूचनाही दिली नाही. मालकाने शेजारी उभं राहून निर्णय घेतला की त्या क्षणापासून पाटीवरचा नियम पुसला गेला असं समजा. पुढच्या वेळी मामा वाळू बघतील, आणि मग वहिनी कुठं आहेत ते बघतील. त्या पाच मिनिटांत चाळीस साचे तयार झालेले असतील.

सकाळी ७.३०

फळ्यासमोर उभ्याउभ्या दहा मिनिटांची मीटिंग. मेल्टिंग, मोल्डिंग, सँड, फेटलिंग, मेंटेनन्स, क्वालिटी, डिस्पॅच. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: काल काय अडलं, आज काय अडू शकतं, आणि कुणाकडून काय हवंय. वाईट बातमी आधी. मी सगळ्यांत शेवटी बोलते. मालक आधी बोलला की बाकीचे त्याच्या बोलण्याला जुळेल असं बोलतात, आणि मीटिंगचा उपयोगच संपतो.

इथे एक प्रश्न कधी विचारला जात नाही: "कुणी केलं?" डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग १९५० साली जपानला गेले आणि तिथल्या उद्योगप्रमुखांना गुणवत्तेचे धडे दिले. पुढे त्यांनी व्यवस्थापकांसाठी चौदा सूत्रं मांडली. त्यांतलं एक साधं आहे, कामाच्या जागेवरची भीती घालवा. हे चांगुलपणाचं बोलणं वाटतं, पण त्यात रोकडा हिशेब आहे. घाबरलेला माणूस खोटं बोलत नाही, तो उशीर करतो. "बघू जरा, सुधारेल" असं म्हणत तो दोन तास काढतो, आणि इशारा पातळीवरची गोष्ट धोका पातळीवर जाऊन पोचते. "कुणी केलं?" हा प्रश्न सकाळी एकदा विचारला तर पुढचा महिनाभर प्रत्येक बातमी दोन तास उशिरा येते.

सकाळी ९.००

आता केबिन. टेबलावर सह्यांची फाइल, दाराबाहेर दोघंतिघं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाचे मी मनात दोन भाग करते: हे मीच ठरवायला हवं का, की मी ठरवावं अशी फक्त सवय पडलीय?

मीच ठरवायच्या गोष्टी मोजक्या आहेत. दर आणि उधारीची मर्यादा. नवा ग्राहक घ्यायचा की नाही. विभागप्रमुखाची निवड. मोठी यंत्रखरेदी. आणि सुरक्षिततेवरचा खर्च, ज्याला "नाही" म्हणायचा अधिकार मी खाली कुणालाच दिलेला नाही. "हो" मात्र कुणीही म्हणू शकतो. बाकी सगळं खाली, ठरलेल्या रकमेपर्यंत.

मेंटेनन्सचा प्रमुख आला. "मॅडम, ब्लोअरची मोटर जळाली. नवी घेऊ की वाइंडिंग करून घेऊ?"

"तुमचं काय मत?"

"ही तिसरी वेळ आहे. नवीच घ्यावी."

"रक्कम तुमच्या मर्यादेत बसतेय?"

"बसतेय."

"मग?"

तो हसला आणि गेला. असा प्रत्येक माणूस मर्यादा माहीत असूनही विचारायला येतो, कारण वर्षानुवर्षं आपल्याकडे "मालकांना विचारलं होतं" हीच सगळ्यांत मोठी ढाल असते. ती ढाल हातातून सोडायची तर माणसाला खात्री लागते की निर्णय चुकला तरी पाठीशी कुणीतरी आहे. अधिकार कागदावर देता येतो. ही खात्री मात्र पहिल्यादुसऱ्या चुकीच्या वेळी तुम्ही कसे वागता यावरूनच मिळते.

सकाळी १०.४०

एसजी आयर्नच्या धातूला लॅडलमध्ये मॅग्नेशियमची ट्रीटमेंट दिली की घड्याळ सुरू होतं. मॅग्नेशियममुळे ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात बसतं आणि कास्टिंगला ताकद येते. पण मॅग्नेशियम धातूतून सतत उडून जात असतं. उशीर झाला की गोळे नीट बनत नाहीत, आणि वरून बघून ते ओळखूही येत नाही. आमच्या लायनीवर मर्यादा आठ मिनिटांची आहे. लॅडलसमोर लाल आकड्यांचा टायमर आहे.

मी मोल्डिंगच्या बाजूने जात होते तेवढ्यात कन्व्हेयर जागच्या जागी थांबला. लॅडलमध्ये अजून दोन-तीनशे किलो धातू. टायमरवर ५.२०. मेंटेनन्सची दोन माणसं धावली. ६.३०. पहार लावली, ढकललं, कन्व्हेयर हलेना. ७.४०. पोअरर पंचविशीतला मुलगा. त्याने एकदा टायमरकडे पाहिलं, क्रेनवाल्याला हात केला आणि लॅडल पिगच्या, म्हणजे नको असलेला धातू गोठवायच्या, साच्यांकडे वळवला. आठ मिनिटं पुरी झाली तेव्हा धातू पिगमध्ये ओतला जात होता. आणि लगेच, जणू त्याचीच वाट बघत असल्यासारखा, कन्व्हेयर सुरू झाला.

एक टन लोखंड वितळवायला साधारण साडेपाचशे-सहाशे युनिट वीज लागते. तो धातू आता पुन्हा वितळवायचा. वर मॅग्नेशियमचा खर्च गेला तो वेगळा. सुपरवायझर माझ्याकडे बघत होता, पोअरर बघत नव्हता.

मी त्याच्याजवळ जाऊन म्हटलं, "बरोबर केलंस." सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आणि मग सुपरवायझरला विचारलं, "कन्व्हेयर का थांबला?"

पॅलेटचं चाक जाम झालं. चाक का जाम झालं? बेअरिंगमध्ये वाळू गेली. वाळू कशी गेली? सील फाटलं होतं. फाटलेलं सील काल कसं दिसलं नाही? सोमवारच्या तपासणीत ते काम होतं, पण मेंटेनन्सची माणसं शॉट ब्लास्टिंगच्या कामाला गेली. का गेली? कारण सोमवारची कामं रविवारी संध्याकाळी तोंडी ठरतात, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं काम आधी होतं. पाच वेळा "का" विचारायची ही ओनोंच्या टोयोटाची पद्धत. चार "का"पर्यंत आपण यंत्रात असतो, पाचव्याला बहुतेक वेळा व्यवस्थेत येऊन पोचतो. पोअररवर ओरडून सील शिवलं गेलं नसतं. आता सोमवारच्या कामांची यादी रविवारी चार वाजता लिहून लागेल, आणि तिच्यात बदल करायचा तर दोन सह्या लागतील.

या प्रसंगात एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती आवर्जून सांगते. आमच्याकडे पोअररचा इन्सेंटिव्ह ओतलेल्या टनांवर नाही. पास झालेल्या कास्टिंगवर, सगळ्या लायनीला मिळून आहे. टनांवर असता तर त्या मुलाने तो लॅडल साच्यांतच ओतला असता, आणि त्याला दोष देता आला नसता, कारण पैसे आपणच त्यासाठी देत असतो. माणसं आपल्या भाषणांपेक्षा पगारपत्रक जास्त लक्षपूर्वक वाचतात. गुणवत्तेवर बोलणाऱ्या प्रत्येक मालकाने आधी आपला इन्सेंटिव्हचा तक्ता उघडून बघावा.

सकाळी ११.३०

मशिनिंग करणाऱ्या व्हेंडरचा सकाळी फोन आला होता: गेल्या आठवड्यातल्या एका पार्टमध्ये ब्लोहोल निघालेत. प्रत्येक कास्टिंगवर हीट कोड, म्हणजे ते कुठल्या वितळणीतलं आहे त्याची खूण, असतो, त्यामुळे तासाभरात क्वालिटीने माग काढला. संशयित माल एकशे साठ नग. त्यातले नव्वद पुण्याला ग्राहकाच्या स्टोअरमध्ये पोचलेत, अजून लायनीवर चढलेले नाहीत.

अशा वेळी ग्राहकाला फोन मालकाने स्वतः करायचा असतो, आणि त्याला दोष कळण्याआधी करायचा असतो. दोष आपल्या आवारात सापडला तर पुन्हा वितळवण्याचा खर्च येतो. ग्राहकाच्या मशिनवर सापडला तर मशिनिंगचा खर्च आणि डेबिट नोट. शेतकऱ्याच्या शेतात सापडला तर जे जातं ते कुठल्याच नोटेत लिहिता येत नाही.

मी ग्राहकाला फोन लावला. पलीकडचा आवाज गंभीर झाला. "किती नग आहेत, मॅडम?"

"तुमच्याकडे नव्वद. हीट कोड मेलवर पाठवलाय, तेवढे बाजूला काढून ठेवा. आमची दोन माणसं आता निघतायत, उद्या दहापर्यंत छाटणी पुरी करतील. बदली माल गुरुवारी."

"कारण काय?"

"वाळूतल्या ओलाव्याचा संशय आहे, पण खात्री झालेली नाही. मूळ कारण शुक्रवारी लेखी देते."

वाईट बातमी सांगताना तीन गोष्टी पक्क्या हव्यात: काय झालंय, किती मालात झालंय, आणि आम्ही कधीपर्यंत काय करतोय. चौथी गोष्ट, म्हणजे कारण, माहीत नसेल तर अंदाजाने सांगू नये. घाईत सांगितलेलं कारण पुढे बदलावं लागतं, आणि ग्राहकाचा विश्वास दोषामुळे जात नाही तेवढा बदललेल्या कारणामुळे जातो. मुख्य म्हणजे, हा फोन चालू असताना क्वालिटीचा प्रमुख समोर बसलेला असतो. मालक बाहेर खरं बोलतो हे त्याने ऐकलं की मग आत खरं बोला म्हणून वेगळं सांगावं लागत नाही.

दुपारी १२.३०

अकाउंट्स. आमच्या धंद्याचा गळफास नफ्यात नसतो, तारखांमध्ये असतो. स्क्रॅपवाला रोख मागतो किंवा फार तर आठवडाभर थांबतो, वीजबिल थांबत नाही, पगार थांबवायचा नसतो, आणि ग्राहकाचे पैसे येतात साठ दिवसांनी. या फटीत नफ्यातल्या फौंड्र्याही बंद पडतात.

कायदा आपल्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागू होतं. एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकरातही तरतूद आली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळते. पण कायद्याची पायरी चढली की ग्राहक जातो, ही भीती प्रत्येक छोट्या उद्योजकाला असते. म्हणून इथेही धोक्याआधीची रेघ लागते. आमच्याकडे ४५ व्या दिवशी भांडण होत नाही, ३० व्या दिवशी फोन होतो: "बिल पास झालंय ना? जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) निघाला का? काही अडलंय का?" बहुतेक बिलं पैशाअभावी अडकत नाहीत, एखाद्या कागदाअभावी पडून असतात. तो कागद तिसाव्या दिवशी सापडला तर पंचेचाळिसाव्याला पैसे येतात.

दुसरी रेघ बँकेतल्या शिलकीची. सहा आठवड्यांचे पगार आणि वीजबिल भागेल एवढ्या रकमेच्या खाली शिल्लक आली की अकाउंटंटने मला त्याच दिवशी सांगायचं आणि नवी खरेदी रोखायची.

आणि याची दुसरी बाजू. आमचा पॅटर्न बनवणारा हाही एक सूक्ष्म उद्योग आहे. दोन माणसं आणि तो. त्याचं बिल आज यादीत सगळ्यांत वर आहे. मोठ्या कंपन्या आपल्याशी जसं वागतात म्हणून आपण चिडतो, तसंच आपण खालच्याशी वागत असू तर आपल्या चिडण्याला अर्थ नाही.

दुपारी १.१५

कँटीन. सगळ्यांना एकच जेवण: भाकरी, उसळ, भात, आमटी. मी रोज वेगळ्या टेबलावर बसते आणि कामाचं काही विचारत नाही. भाताची लावण कुठवर आली, मुलीला अकरावीला प्रवेश मिळाला का, नदीकाठच्या चिखलीत पाणी कुठवर आलंय. कामाच्या गोष्टी मग आपोआप निघतात.

दुपारी २.१५

दर मंगळवारी एका विभागप्रमुखाबरोबर पाऊण तास. दार बंद, फोन बंद. इंटेलचे अँडी ग्रोव्ह यांनी १९८३ साली व्यवस्थापनावर पुस्तक लिहिलं, त्यात या भेटीवर त्यांचा मोठा भर आहे: ही भेट हाताखालच्या माणसाची असते, विषय त्याने आणायचे, वरिष्ठाने ऐकायचं. त्यांचीच आणखी एक गोष्ट मला रोज उपयोगी पडते. माणसावर किती लक्ष ठेवायचं हे माणूस बघून ठरवू नये, त्या कामातला त्याचा अनुभव बघून ठरवावं.

आज समोर मेल्टिंगचा प्रमुख. भट्टीवर पंधरा वर्षं काढलेली. धातूच्या रंगावरून तापमान सांगेल आणि पायरोमीटर त्याला दुजोरा देईल. भट्टीवर त्याला काही विचारणं म्हणजे त्याचा वेळ घेणं. पण गेल्या महिन्यापासून हीटचा सगळा हिशेब नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचाय, आणि तिथे तो नवशिका आहे. हुशार, ज्येष्ठ माणूस नव्या कामात अडखळला की दोन चुका होतात: एक तर "एवढं येत नाही?" म्हणून त्याचा पाणउतारा, किंवा त्याच्या ज्येष्ठतेला बिचकून त्याला एकटं सोडून देणं. मी विचारलं, "सॉफ्टवेअरचं कसं चाललंय?"

बराच वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, "खरं सांगू का मॅडम, एंट्री पोरगं करतंय. मला स्क्रीनवरचं पटकन वाचता येत नाही."

ही बातमी त्याच्या पोटात महिनाभर होती. ती फळ्यासमोर कधीच आली नसती. पंधरा दिवस रोज अर्धा तास लॅबमधल्या मुलीने त्याच्याबरोबर बसायचं ठरलं. स्क्रीन मराठीत करून घ्यायची, अक्षरं मोठी करायची. बदल्यात तिने त्याच्याकडून भट्टी शिकायची.

इथून थोड्या अंतरावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या उजाड माळावर कारखाना उभा केला. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रखवालीला ठेवलं. विश्वास टाकला की माणूस तो पेलायला बघतो, हे आपल्याच मातीत शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलेलं आहे.

दुपारी ३.३०

शिफ्ट बदल. पंधरा मिनिटं दोन्ही सुपरवायझर एकत्र, जागेवर, वहीसमोर. तीन ओळी: काय बंद आहे, कशाबद्दल शंका आहे, कुणाला काय शब्द दिलाय. आज "शंका" या ओळीत मामांनी सकाळच्या पहिल्या चार बॅचचे साचा नंबर लिहिलेत, म्हणजे त्या कास्टिंगची वेगळी तपासणी होईल. शंका लिहू देणारी वही हे कारखान्यातलं सगळ्यांत मोलाचं दप्तर आहे.

दुपारी ४.३०

हा एक तास माझा. हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच मुख्य अधिकाऱ्यांच्या रोजच्या कामाचं बारकाईने निरीक्षण करून १९७३ साली पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं की या लोकांचा दिवस तुकड्यांत गेला. निम्म्या कामांना नऊ मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत. मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांची ही गत, तर छोट्या कारखान्याच्या मालकाचं काय बोलावं! पीटर ड्रकर सांगत की आधी वेळेची नोंद ठेवा, मग जो वेळ वाचेल तो सलग जोडा. तुकड्यांतला वेळ मोठ्या प्रश्नाला पुरत नाही.

आजचा प्रश्न मामा. दोन वर्षांत ते निवृत्त होतील. ३.८ आणि ४.२ पाटीवर आहेत, पण मूठ आवळल्यावर हाताला जे कळतं ते कुठेच लिहिलेलं नाही. आयटीआयच्या फौंड्रीमन ट्रेडमधून दोन मुलं अप्रेंटिस म्हणून घ्यायची. एक वर्ष मामांच्या हाताखाली. रोज सकाळी आधी हाताने अंदाज सांगायचा, मग चाचणी करायची आणि दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहायचे. वर्षाअखेर अंदाज आणि चाचणी जुळू लागली की विद्या पोचली. शिकवण्यासाठी मामांना वेगळा भत्ता. हे आज ठरवलं म्हणून दोन वर्षांनी सोपं जाईल. दोन वर्षांनी ठरवायला घेतलं तर निरोपाच्या नारळाबरोबर तेही घरी जाईल.

संध्याकाळी ६.००

पाणी ३७ फूट, अजून चढतंय. डिस्पॅचच्या प्रमुखाने पुण्याची उद्याची गाडी आजच भरून सोडली. ३७ ला पुढच्या दिवसाचा माल काढायचा, ३९ ला चिखली-आंबेवाडीकडच्या माणसांना पगारी सुट्टी देऊन घरी पाठवायचं, त्यापुढे पाणी चढत राहिलं तर नवी हीट घ्यायची नाही, भट्ट्या रिकाम्या करायच्या आणि कूलिंगच्या पंपासाठी जनरेटरमध्ये डिझेल पुरेसं आहे ना ते बघायचं. भट्टीत धातू असताना वीज गेली आणि कॉइलला पाणी मिळालं नाही तर तो प्रसंग पैशांत मोजता येत नाही. हे सगळं मे महिन्यात, कोरड्या हवेत ठरवून घेतलंय. गाडी सुटल्याचा मला फक्त मेसेज आला. बदली मालही त्याच गाडीतून गेला, म्हणजे गुरुवारचा शब्द बुधवारीच पाळला जाईल.

रात्री ९.००

घरी आल्यावर मी कारखान्यात फोन करत नाही. रात्रपाळीच्या सुपरवायझरकडे चार गोष्टींची यादी आहे, ज्यांसाठी मला कितीही वाजता उठवायचं: कुणालाही झालेली इजा, आग, भट्टीच्या पाण्याचा बिघाड आणि पुराचं पाणी. बाकी सगळं त्याने ठरवायचं आणि सकाळी फळ्यावर सांगायचं. मालक रात्री तीन वेळा फोन करतो तेव्हा त्याला वाटतं आपण जबाबदारीने वागतोय. पलीकडच्या माणसाला मात्र कळतं की जबाबदारी अजून आपल्याकडे आलेलीच नाही.

हे वाचणाऱ्या प्रत्येक उद्योजकाला माझं मनापासून सांगणं आहे. तुमचा धंदा ओतकामाचा असो, कापडाचा असो की सॉफ्टवेअरचा, ज्या गोष्टी बिघडल्या तर तुम्ही बुडाल अशा पाच-सात गोष्टींची यादी करा. प्रत्येकीपुढे दोन आकडे लिहा, इशाऱ्याचा आणि धोक्याचा, आणि पहिला आकडा आला की कोण काय करेल, ते त्याच माणसाला विचारून लिहा. कागद एका संध्याकाळी होईल. खरं काम त्यानंतरचं. कुणीतरी पहिल्यांदा तुमची परवानगी न घेता लायन थांबवेल, त्यात तुमचे पैसे जातील, आणि सगळी माणसं तुमच्या तोंडाकडे बघत असतील. तेव्हा आधी शाबासकी द्या, आणि मग कारण विचारा. हा क्रम कधी उलटा होऊ देऊ नका.